आरती पाठ आहे, बोलणे कधी येणार?

(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



आज व्यासपीठावर एकच बाई उभी आहे, तरी ती ‘आम्ही’ म्हणूनच बोलणार आहे. आपल्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकवणाऱ्या आम्ही शिक्षिका. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. आमच्याजवळ मोठ्या पदव्या नाहीत. शिक्षकाचे प्रमाणपत्र आहे आणि वर्गात घालवलेली वर्षे आहेत. त्या वर्षांत एक प्रश्न आम्हाला सतत पडत आला, आणि तोच आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. गाणे येणाऱ्या मुलाला भाषा लवकर येते का? आणि येत असेल, तर आपल्या इतक्या सुरेल मुलांना मराठी बोलता का येत नाही?

आपले पूर्वज पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरले आणि त्या 16 पायऱ्या चढून या बेटावर आले. मुंबईच्या बंदरातून जहाजात बसलेल्या त्या माणसांजवळ सामान ते किती असणार? एखादे गाठोडे, एखादा लोटा. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून पोथ्या-पुस्तके थोड्यांजवळच असतील. पण ज्याला वजन नाही आणि ज्याच्यासाठी गाठोड्यात जागा लागत नाही, असे काही त्यांनी बरोबर आणले. ते म्हणजे गाणी. कोकणातल्या गणपतीत घुंगरू बांधून, गाणाऱ्यांभोवती फेर धरून जाखडी नाचतात. तीच आपल्याकडे झाकरी झाली. इथल्या गणेशोत्सवाला 1896 सालापासूनचा इतिहास सांगतात. तेव्हापासून आजपर्यंत ढोलक, झांजा आणि आरती यांनी आपली मराठी धरून ठेवली. कास्कावेल असो, वाक्वा असो, हेन्रिएटा असो, गणपतीच्या दिवसांत कोणत्याही मराठी घरावरून जा, मराठीच ऐकू येते.

पण आरती संपली, प्रसाद वाटला, की त्याच घरात बोलणे क्रेओलमध्ये सुरू होते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. क्रेओल ही आपल्या मुलांची घरची भाषा आहे, आणि 2012 पासून ती प्राथमिक शाळेत विषय म्हणूनही शिकवली जाते. फ्रेंच आहे, इंग्रजी आहे. म्हणजे आमच्या वर्गात येणाऱ्या मुलाला मराठी ही दुसरीसुद्धा नाही, तिसरी-चौथी भाषा असते. आजीची भाषा असली तरी त्याला ती परक्या भाषेसारखीच शिकावी लागते. हे आपण आधी मान्य केले पाहिजे.

आता एक प्रसंग सांगतो. तो आमचा स्वतःचा आहे, आणि त्यात चूक आमचीच होती. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी आम्ही एका मुलीला तयार केले. नऊ वर्षांची असेल. गळा असा की ऐकतच राहावे. तिने एक मोठे भक्तिगीत एकही शब्द न चुकता म्हटले. सभागृह उभे राहिले. महाराष्ट्रातून आलेले एक पाहुणे पुढे बसले होते. त्यांचे डोळे भरून आले. ते उठून तिच्याजवळ गेले आणि प्रेमाने म्हणाले, “बाळ, किती छान गायलीस! कोण शिकवतं तुला? घरी कोण कोण आहे?” मुलगी हसली. मग आमच्याकडे पाहू लागली. त्यांनी पुन्हा विचारले, हळू विचारले. तिने मान खाली घातली आणि हळूच क्रेओलमध्ये आम्हाला विचारले, “ते काय म्हणतायत?”

पाहुण्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते जागेवर जाऊन बसले. कोणी आम्हाला काही बोलले नाही. पण त्या दिवशी घरी जाताना आम्ही बसमध्ये एकमेकींशीही बोललो नाही. त्या गीताचे शब्द आम्ही तिला दोन महिने घोकून घेतले होते. त्यातल्या एका ओळीचाही अर्थ सांगायला आम्हाला वेळ मिळाला नव्हता.

त्यानंतर आम्ही या विषयाकडे नीट पाहू लागलो. वर्गात काय घडते ते पाहिले आणि जमेल तसे वाचलेही.

पहिली गोष्ट, गाण्याचा भाषेला उपयोग होतो, आणि तो खराच होतो. कसा ते पाहा. क्रेओलमध्ये ‘श’ नाही. फ्रेंच ‘शांते’, म्हणजे गाणे म्हणणे, आपल्या क्रेओलमध्ये ‘सांते’ झाले. म्हणून लहान मूल ‘शाळा’ म्हणायला जाते आणि ‘साला’ म्हणते. तुम्ही हसलात, आमच्या वर्गातही हसतात! क्रेओलमध्ये ‘ळ’ नाही आणि ‘ण’ नाही. ‘ब’ आणि ‘भ’, ‘द’ आणि ‘ध’ असा भेदही नाही. त्यामुळे ‘वेळ’ आणि ‘वेल’ एकच होतात, ‘भात’ची ‘बात’ होते, ‘धार’चे ‘दार’ होते. यात मुलाच्या जिभेचा दोष नाही. त्याच्या कानाला हा भेद ऐकायची सवयच नसते. जे कानाला वेगळे ऐकू येत नाही, ते जीभ वेगळे कसे काढणार?

आणि कान तयार करायचे काम संगीत करते. गाणाऱ्या मुलाला सूर थोडा वर गेला की खाली आला, ताल कुठे चुकला, हे बारकाईने ऐकावे लागते. तीच सवय शब्द ऐकतानाही कामाला येते. पोर्तुगालमध्ये एक प्रयोग झाला, तो 2009 साली प्रसिद्ध झाला. आठ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला सहा महिने संगीत शिकवले आणि दुसऱ्याला चित्रकला. संगीत शिकलेल्या मुलांचे वाचन सुधारले, आणि बोलण्यातले सुराचे लहानसे चढउतारही त्यांना अधिक चांगले ओळखता येऊ लागले. हे त्यांच्या मातृभाषेबद्दल होते.

परक्या भाषेबद्दलचा प्रयोग स्कॉटलंडमधल्या एडिंबराचा आहे, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. 60 प्रौढ माणसांना हंगेरियन भाषेची वाक्ये पंधरा मिनिटे शिकवली. काहींनी ती नुसती बोलून शिकली, काहींनी तालात बोलून आणि काहींनी गाऊन. गाऊन शिकलेल्यांनी चांगली कामगिरी केली. आणि आपल्यासाठी मोलाची गोष्ट अशी की हा फरक ज्याला आधीपासून संगीत येते त्याच्यापुरता नव्हता. म्हणजे गळा गोड नसला तरी गाऊन शिकण्याचा लाभ होतो.

पण तिसरा अभ्यास वाचला तेव्हा आमच्या त्या मुलीची आठवण झाली. रॉबर्ट स्लेव्ह आणि अकिरा मियाके या दोघांनी अमेरिकेत राहणाऱ्या 50 जपानी माणसांचे इंग्रजी तपासले. हा अभ्यास 2006 सालचा. संगीताचे अंग ज्यांना चांगले होते, त्यांचे इंग्रजी उच्चार चांगले होते आणि त्यांना इंग्रजी ध्वनी वेगवेगळे ओळखताही येत होते. पण वाक्यरचना आणि शब्दसंग्रह? तिथे संगीताचा तसा लाभ दिसला नाही.

बंधू-भगिनींनो, सगळे उत्तर यातच आहे. गाणे कान देते, जीभ देते, पाठांतर देते. स्वतःचे वाक्य ते देत नाही. ते माणसाशी बोलूनच येते.

आपण मात्र दोन्ही बाजूंनी चुकतो. एक पालक म्हणतात, “आमच्या मुलाला सगळ्या आरत्या पाठ आहेत, त्याला मराठी येते.” दुसरे म्हणतात, “आमच्या मुलीला सूर नाही, तिला मराठी कशाला?” मराठी म्हणजे गाणे, असा आपण हिशेब करून ठेवला आहे. आमच्या त्या मुलीचे नुकसान पहिल्या समजुतीने झाले. दुसऱ्या समजुतीने एका मुलाचे नुकसान आम्ही करणार होतो, तेही सांगतो.

त्याचा आवाज फाटका होता, सूर लागत नव्हता. समूहगीतात तो वाईट ऐकू येई, म्हणून आम्ही त्याला कार्यक्रमातून काढले आणि सांगितले, “तू पडद्याजवळ उभा राहा, खुर्च्या लावायला मदत कर.” तो काही बोलला नाही. पण तालमीच्या वेळी तो मागच्या बाकावर बोटांनी ताल धरायचा, आणि तो ताल एकदाही चुकत नसे. आमच्यातल्या एकीच्या ते लक्षात आले. तिने त्याच्या हातात ढोलक दिला. मग कळले की घरी त्याची आजी त्याच्याशी मराठीत बोलते आणि हट्टाने बोलते. तो क्रेओलमध्ये उत्तर देतो, तरी ती मराठीतच बोलत राहते. सहावीत गेला तेव्हा आमच्या वर्गात सर्वांत सरळ मराठी बोलणारा तोच होता. संगीत म्हणजे नुसता सूर नव्हे, तालही आहे, हे त्याने आम्हाला शिकवले. आणि आजीचे बोलणे कोणत्याही गाण्यापेक्षा मोठे आहे, हेही.

ढोलकाचा विषय निघाला म्हणून आमच्या वर्गातली एक युक्ती सांगतो. तबल्या-ढोलकाचे बोल आधी तोंडाने म्हणायचे असतात. दादरा सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. यात ‘ध’ आणि ‘त’ समोरासमोर येतात. ‘तिरकिट’ म्हटले की ‘त’ आणि ‘ट’ एकाच शब्दात येतात. ‘भात’ म्हण, असे वीस वेळा सांगून जे साधत नाही, ते बोल म्हणताना मूल खेळता खेळता करते, कारण ‘धा’चे ‘दा’ झाले की त्याला स्वतःलाच ते पोकळ वाटते. आणि सहा मात्रा आपल्या मुलांना शिकवाव्या लागत नाहीत. ती सेगा ऐकत वाढलेली आहेत. रावानवर वाजणारा सेगाही सहाच्याच अंगाने चालतो. ठेका वेगळा, जोर वेगळा, पण मोजणी ओळखीची. म्हणून आम्ही आधी बाकावर सेगा वाजवायला सांगतो, मग तिथून दादऱ्यावर येतो. मुले खुलतात. आपल्या बेटाचा ताल धरूनही मराठीपर्यंत पोहोचता येते, हे त्यांना कळते.

दुसरी युक्ती कागदाच्या पट्टीची. पट्टी तोंडासमोर धरायची. ‘क’ म्हटले तर ती जवळजवळ स्थिर राहते, ‘ख’ म्हटले तर हलते. ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’ असेच करायचे. जे कानाला ऐकू येत नाही, ते आधी डोळ्याला दिसते आणि मग ऐकू येऊ लागते.

आता गाणे कुठे अडचण करते तेही सांगायला हवे. गाण्यात स्वर लांबतो. ऱ्हस्व अक्षर चालीसाठी दीर्घ होते. मूल ते तसेच उचलते आणि बोलतानाही ‘पाऽऽणी’ म्हणते. दुसरे, आरतीची भाषा जुनी असते. गणपतीची जी आरती आपण रोज म्हणतो ती समर्थ रामदासांची, म्हणजे सतराव्या शतकातली, मानतात. त्या भाषेत कोणी दुकानात जाऊन भाजी मागत नाही. ती पवित्र आहे, तिला जपलेच पाहिजे, पण रोजच्या बोलण्याचा धडा म्हणून ती चालत नाही. तिसरे, आपली आरतीची कागदे. बऱ्याच घरांत ती रोमन अक्षरांत, फ्रेंच वळणाने लिहिलेली असतात. तिथे ‘ल’ आणि ‘ळ’ एकच, ‘न’ आणि ‘ण’ एकच, ‘त’ आणि ‘ट’ही एकच. त्या कागदांनी एका पिढीला आधार दिला, त्यांचे उपकार आहेत. पण शाळेत आम्ही ‘ळ’ शिकवतो आणि देवघरासमोर कागद तो पुसून टाकतो.

आणि सर्वांत मोठी अडचण व्याकरणाची. क्रेओलमध्ये क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही, पुल्लिंग-स्त्रीलिंगाप्रमाणेही बदलत नाही. मराठीत तीन लिंगे. म्हणून गोड गळ्याचे मूलही “माझा आई आला” म्हणते. हे गाण्याने आपोआप सुटत नाही. ते सोडवण्यासाठी गाण्यापासून बोलण्यापर्यंत पूल बांधावा लागतो. आम्ही तो कसा बांधतो ते सांगतो.

एक साधी ओळ घेतो, आम्हीच रचलेली: “आजा गेला उसाच्या शेतात.” आधी ताल, मग चाल. प्रत्येक शब्दाला कृती आणि चित्र, म्हणजे अर्थ पहिल्याच दिवशी. मुलांच्या तोंडी ओळ बसली की एक शब्द बदलतो. आजा काढला, आजी घातली: “आजी गेली उसाच्या शेतात.” मग बाळ: “बाळ गेले उसाच्या शेतात.” चाल तीच, पण गेला, गेली, गेले. कोणी “आजी गेला” म्हटले तर वर्गच ओरडतो, कारण आता ते कानाला खटकते. इथपर्यंत गाणे होते. यापुढे आम्ही चाल काढून टाकतो. तीच ओळ साध्या बोलण्याच्या वेगाने. मुले पहिल्यांदा अडखळतात, चालीशिवाय शब्द सापडत नाहीत. ही पायरी आम्ही पूर्वी गाळत होतो. आणि शेवटी प्रश्न: “आजा कुठे गेला? तुझा आजा कुठे आहे? तू काल कुठे गेलास?” ज्या दिवशी मूल म्हणते, “मी काल समुद्रावर गेलो,” त्या दिवशी ते गाण्यातले वाक्य उरत नाही. ते त्याचे स्वतःचे वाक्य होते.

मागच्या वर्षी एका लहान मुलीने याच ओळीवरून आम्हाला विचारले, “मिस, आजा शेतात का गेला?” आम्ही क्षणभर थांबलो. मग सांगितले, “त्याला जावेच लागे. करार होता.” मग त्या तासाला आम्ही ऊस, कोयता, कॅम्प, पहाटेची घंटा हे सगळे शब्द फळ्यावर लिहिले. एका ओळीतून तिला तिच्या पणजोबाचा इतिहास मराठीत समजला. आपल्याला भाषा हवी आहे ती याचसाठी ना?

आता तुमच्याकडे मागणे. आम्हाला वर्गात जो वेळ मिळतो तो थोडा आहे. तेवढ्यात भाषा जगत नाही.

आजी-आजोबांनो, तुम्ही मुलांशी मराठीत बोला. “आमची मराठी शुद्ध नाही, पुस्तकातली नाही” असे म्हणून तुम्ही गप्प बसता. कृपा करून बसू नका. तुमची कोकणी वळणाची, क्रेओल मिसळलेली मराठी हीच आमच्या वर्गाचा पाया आहे. मुलाने क्रेओलमध्ये उत्तर दिले तरी चालेल. तुम्ही मराठीतच विचारत राहा.

आई-वडिलांनो, आरती झाली की प्रसाद वाटण्याआधी पाच मिनिटे द्या. त्या दिवशी एकाच ओळीचा अर्थ मुलांना सांगा. तुम्हाला येत नसेल तर आजीला विचारा, आम्हाला विचारा. मग प्रसाद देताना मुलाला म्हणा, “काय पाहिजे? लाडू पाहिजे की केळे पाहिजे?” आणि त्याने मराठीत मागितल्याशिवाय हातावर ठेवू नका. लाडवासाठी व्याकरण फार लवकर येते, हा आमचा अनुभव आहे.

मंडळांना आणि बैठकांना विनंती. आरतीच्या कागदावर देवनागरी छापा. रोमन ठेवायचे तर खाली ठेवा. स्पर्धेत गाण्याला बक्षीस देता, त्यात दोन प्रश्नांची भर घाला. गाऊन झाल्यावर परीक्षकांनी मुलाला मराठीत दोन सोपे प्रश्न विचारावेत आणि त्याला गुण द्यावेत. एका वर्षात फरक दिसेल. आणि झाकरीच्या फेरात सूर नसलेल्या मुलालाही घ्या. त्याला झांज द्या, ढोलक द्या.

आम्हा शिक्षिकांनाही सांगणे आहे. कार्यक्रम चांगला दिसावा म्हणून मुलांना घोकायला लावण्याचा मोह आवरू या. टाळ्या आम्हाला मिळतात, पण प्रश्नापुढे मूल एकटे उभे राहते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ती आमच्या वर्गातून केव्हाच पुढे गेली. पण दोन वर्षे आम्ही तिच्याबरोबर मागे जाऊन सगळे पुन्हा केले. तेच गीत, ओळीओळीने, अर्थासकट. त्यातले अर्धे शब्द तिला आधीपासून पाठ होते, फक्त ते शब्द आहेत हे तिला माहीत नव्हते. एकदा मध्येच थांबून ती म्हणाली, “मिस, मी हे इतकी वर्षे गात होते, आणि हे असे आहे?” तिच्या चेहऱ्यावरचे ते आश्चर्य आम्ही विसरणार नाही. गाणे तिच्याजवळ होतेच. कुलूप लावलेल्या पेटीसारखे. किल्ली द्यायचे काम आपले होते.

आपल्या पूर्वजांनी पेटी एवढ्या समुद्रावरून सांभाळून आणली. त्यांना लिहिता येत नव्हते, पण ते जे गात होते ते त्यांना समजत होते, कारण ती त्यांची बोलण्याची भाषा होती. आपण गातो सुंदर. आता त्याच भाषेत एकमेकांना “जेवलास का?” एवढे तरी विचारू या.

आज कार्यक्रम संपल्यावर बाहेर जेवणाची पंगत आहे. मुलांनो, तुम्हाला वाढायला आम्हीच उभ्या राहणार आहोत. मराठीत मागा, म्हणजे दोनदा मिळेल.

जय मराठी, जय मॉरिशस.